मागच्या दाराची कडी

४ ऑगस्ट १९९६

ऑफिससाठी दौऱ्याची दैनंदिनी लिहायची सवय आहे. कोणत्या गावी लस टोचली, कोणाची म्हैस अडली, कोणाचा बैल लंगडतो. ही वही वेगळी. हिच्यात जनावरं येणार नाहीत असं ठरवलं आहे, पण माझ्याजवळ दुसरं लिहिण्यासारखं किती आहे ते बघायचं.

उमा जाऊन महिना झाला. भाऊ-वहिनी काल औरंगाबादला परत गेले. आता घरात मी एकटा.

टेंभुर्णीतलं हे घर तिनेच पसंत केलं होतं. शाळा जवळ, माझा जनावरांचा दवाखाना जवळ आणि मागच्या न्हाणीला बाहेरून वेगळं दार. वेगळं दार कशाला हवं ते मी तेव्हा विचारलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. तिच्या शाळेतल्या मुली येऊन-जाऊन असायच्या.

त्यातली एक अजून येते. शेजारच्या कडूबाची बेबीनंदा, नववीत आहे. संध्याकाळी अंगण झाडते, तुळशीला पाणी घालते. मी नको म्हटलं, तर म्हणाली, "बाईंनी सांगून ठिवलंय काका." या आठवड्यात मात्र ती झाडून झालं की न्हाणीत जायची, आतून दार लावून घ्यायची. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज यायचा. बाहेर यायची तेव्हा तोंड उतरलेलं. ती आत उमासाठी रडत असावी आणि तोंड धुऊन येत असावी. म्हणून मी काही विचारत नाही. ज्याने त्याने आपलं रडणं एकट्याने उरकावं, मला तेच बरं वाटतं.

११ ऑगस्ट

कडूबाची गाय माजावर आली होती. सकाळी जाऊन भरवली. ओट्यावर चार माणसं बसलेली. गाय कधीपासून हंबरते, काय टाकते, मागच्या वेळी का फळली नाही, सगळी चर्चा मोकळेपणी. घरातल्या बाया येत-जात होत्या, त्यांनाही काही वाटत नाही, मलाही नाही.

हात धुताना कडूबा म्हणाला, "डॉक्टर, आमच्या बेबीचं बी बराबर जमवून ठिवलंय. हसनाबादच्या बहिणीचं पोरगं, मच्छिंद्र. जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागलंय."

मी म्हटलं, ती शिकते आहे ना?

"शिकू द्या की! तुमच्या मंडळींना सबूद देल्ता मी. पोरगी ल्हान हाये तवर शाळा बंद करनार न्हाई. न्हाण आलं की मंग मातर एक दिवस बी थांबनार न्हाई."

कडूबाची आई गोजरबाई दारात दाणे निवडत होती. ती म्हणाली, "कवा यायचं ते येईना बाई. पंधरावं लागलं. तिच्या मायचं बी असंच. मी म्हनलं, सून आनली का दगड आनला!" सगळे हसले. कडूबाची बायको साळूबाई पदर तोंडाला लावून आत गेली.

बेबीनंदा माझ्या हातावर पाणी घालत होती. तिचा तांब्या हलला आणि सगळं पाणी माझ्या बुटात गेलं. धांदरट आहे जरा.

१८ ऑगस्ट

आज उमाच्या आजाराचे कागद सापडले आणि जालन्याच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. त्यांनी मला विचारलं होतं, "किती दिवसांपासून यांच्या अंगावरून जातंय?" मी उमाकडे पाहिलं. उमा भिंतीकडे पाहत म्हणाली, "झाले असतील काही महिने." मी अशक्तपणा समजत होतो. गावातून आणलेल्या टॉनिकच्या बाटल्या अजून फडताळात आहेत.

२५ ऑगस्ट

चहाचं पातेलं उतरवायला सांडशी सापडेना. फडताळात उमाचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात पातेली धरायची जाड फडकी निघाली. मऊ कापडाच्या दोन-तीन घड्या, कडेने बारीक टाके, दोन्ही टोकांना नाड्या. नाड्या अडकवून ठेवायला असाव्यात. उमाचा हात शिवणात फार चांगला होता. एक फडकं घेऊन पातेलं उतरवत होतो तेवढ्यात बेबीनंदा आली. बघितलं आणि हातातला खराटा टाकून ओढणी तोंडात कोंबली. हसू आवरेना तिला.

"काय झालं गं?"

"काका, ते चहाचं न्हाई."

"मग कशाचं?"

तिचं हसू एकदम गेलं. खाली बघून म्हणाली, "शिवणकामाचं हाये. शाळेचं." फडकं माझ्या हातातून काढून घेतलं, डब्यात ठेवलं, डबा वरच्या फळीवर सरकवला. सांडशी चुलीमागेच होती, ती दिली.

उमा गेल्यापासून या घरात कोणी हसलं नव्हतं. मला बरं वाटलं.

८ सप्टेंबर

दवाखान्यातला शिपाई साहेबराव आज मलमपट्टीचं सामान लावता लावता म्हणाला, "साहेब, राग येऊ देऊ नका. लोक बोलून राह्यले."

"काय बोलतात?"

"एकट्या मानसाच्या घरी वयात आलेली पोरगी. अन् ती मागच्या दारानं न्हाणीत जाती, हे बी बघितलंय लोकांनी. तुम्ही देवमानूस, मला म्हाईत हाय. पन तोंडाला काय कासरा लावता येतो का?"

दिवसभर कोणाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मला याआधीच कळायला हवं होतं.

९ सप्टेंबर

बेबीनंदाला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. यायचंच तर आईला घेऊन ये.

तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "काका, रोज न्हाई येत. महिन्यातून थोडे दिवसच येऊ द्या. मी अंधार पडायच्या आत जाते. मागच्या दारानं येते, कोणाला दिसनार न्हाई."

"तेच तर लोकांना दिसतंय," मी म्हटलं. "आईबरोबर यायला काय हरकत आहे?"

"आईसंगं न्हाई जमत."

"का?"

तिने खराटा भिंतीला टेकवून ठेवला. मी पुढे विचारलं नाही. कुढून कुढून असं एकटीने रडणं तिलाही चांगलं नाही. ती गेल्यावर मागच्या दाराला आतून कडी घातली.

१३ सप्टेंबर

काल पोळा. दोन दिवस बैलांच्या शिंगांना आणि खांद्यांना औषध लावण्यात गेले. आज सुटी घेऊन न्हाणी झाडायला काढली. चुलाण्यामागे अंधारात एक दोरी बांधलेली आहे. तिच्यावर उमाचा जुना परकर पसरलेला. परकर काढला तर खाली तसलीच नाड्यांची फडकी वाळत घातलेली. उन्हात का घातली नाहीत कळेना. एकेका कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याने "बे" काढलेलं.

बेबीचं शिवणकाम. मी कडी घातली आणि तिची वस्तू आत अडकली. परीक्षेत दाखवायची असेल तर? मला वाईट वाटलं. डब्यातलीही काढली, सगळ्यांच्या नीट घड्या केल्या, स्वच्छ पिशवीत घातली आणि चारचौघांत, पुढच्या दाराने, कडूबाच्या घरी गेलो. लोकांनी बघावं म्हणूनच तसा गेलो.

साळूबाई, गोजरबाई आणि आळीतल्या दोन बाया वाती वळत होत्या. मी पिशवी साळूबाईच्या हातात दिली. "बेबीचं शिवणकाम. आमच्या न्हाणीत वाळत राहिलं होतं."

साळूबाईने पिशवीत हात घातला आणि तसाच ठेवला. गोजरबाईने एक फडकं ओढून काढलं, उजेडात धरलं.

"हे शिवनकाम न्हाई डॉक्टर," ती म्हणाली.

वाती वळणारे हात थांबले. बेबीनंदा आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. सतरा वर्षांच्या संसारात मी असं फडकं कधी पाहिलं नव्हतं. आई होती तोवर उमा त्या दिवसांत बाजूला बसायची. आई गेल्यावर बसायची बंद झाली, आणि ते दिवस येतात की नाही हेसुद्धा मला समजेनासं झालं.

परत येताना मागून गोजरबाईचा आवाज ऐकू आला. "कवापासून? बोल की! कवापासून?" मग हाताचा आवाज.

१४ सप्टेंबर

कडूबा आला. बरोबर गोजरबाई आणि मागे बेबीनंदाला घेऊन साळूबाई. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

कडूबा म्हणाला, "डॉक्टर, पोरगी म्हनून राह्यली, बाईनंच सांगितलं घरी कळू देऊ नको म्हनून. बाईच कपडा द्यायच्या, इथंच धुवून वाळवायची. एक साल होऊन गेलं. खरं हाये का हे? तुमच्या मंडळीनं आमच्या लेकराला मायशी खोटं बोलायला शिकवलं?"

मला ठाऊक नव्हतं. पण त्या क्षणी सगळं ठाऊक झालं. वेगळं दार, परकर, दोरी, कडूबाने दिलेला शब्द. उमाने नेमकं काय केलं होतं आणि का, ते मला स्वच्छ दिसलं.

गोजरबाई म्हणाली, "सालभर इटाळ कालवला घरात. मंजी माठात हात, देवात हात, दुधात हात. गाय आटली ती उगं न्हाई आटली."

"गायीला दगडी झाली होती," मी म्हटलं. "कासेचा आजार असतो तो. विटाळाने गाय आटत नाही." गायीबद्दल मला लगेच बोलता आलं.

"असंल. अन् बाईला काय झाल्तं मंग? अंगावरून जाऊ जाऊ गेली म्हनत्यात. दुसऱ्याच्या लेकीचा इटाळ लपिवला, तोच भोवला तिला."

"आई, गप," कडूबा म्हणाला. पण ती बोलून गेली होती. उद्या हेच आळीत, परवा गावात. उमा कशाने गेली तर अशाने गेली.

मी म्हणालो, "उमा असं कधीच सांगणार नाही. तिला यातलं काही माहीत नसणार. मुलगी चुकीचं सांगते आहे."

बेबीनंदाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल. पण ती पुन्हा खाली बघायला लागली.

कडूबा म्हणाला, "मंग माफी असावी. घरचंच नानं खोटं निघालं." साळूबाई तिला दंडाला धरून घेऊन गेली.

१५ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो नाही.

२९ सप्टेंबर

तिची शाळा बंद झाली. न्हाण आलं म्हणून मखरात बसवून ओट्या भरल्या. शेजार म्हणून माझ्याकडे पुरणपोळी आली. हसनाबादची माणसं येऊन सुपारी फोडून गेली. तुळशीचं लग्न झालं की हिचं.

४ ऑक्टोबर

शाळेतल्या रजनीबाई आल्या. उमाचा डबा शाळेत ठेवायला मागत होत्या. डबा रिकामा आहे आणि तो कसा रिकामा झाला, ते सांगितलं. त्यांनी डबा मागून घेतला, झाकण उघडून पाहिलं.

मग म्हणाल्या, "आपल्या शाळेत मुलींच्या मुतारीला दार नाही. त्या दिवसांत मुली घरी राहतात, अभ्यास बुडतो, मग आईबापच म्हणतात कशाला पाठवायचं. उमाताई शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून घ्यायच्या, वर्गाचं दार लावून सगळं समजावून सांगायच्या. कापड कसं घ्यायचं, उन्हात वाळवायचं, लाज धरायची नाही. पहिल्या दिवशी दोन मुली रडल्या. नंतर मुलीच विचारायला लागल्या."

मी म्हटलं, उन्हात वाळवायला सांगायची आणि इथे अंधारात वाळवायची.

"इथे तुम्ही होतात ना," रजनीबाई म्हणाल्या. मग घाईने म्हणाल्या, "म्हणजे पुरुषमाणूस, असं म्हणायचं होतं मला."

जाताना चपला घालताना म्हणाल्या, "मुलींपुढे इतकं मोकळं बोलायच्या. मी एकदा विचारलं, घरी पण असंच बोलता का हो? तर नुसत्या हसल्या."

२० ऑक्टोबर

दसऱ्याला कडूबाची दुसरी गाय अडली. वासरू मागच्या पायांनी येत होतं. गेलो. खांद्यापर्यंत हात आत, बाहेर माणसं दोर धरून ओढायला. कालवड जिवंत निघाली. माणसं चहाला ओट्यावर गेली. बेबीनंदा गरम पाणी घेऊन आली.

मी हळू आवाजात म्हटलं, "माझ्याकडून फार वाईट झालं."

ती पाणी ओतत राहिली. मग म्हणाली, "बाईंच्या अंगावरून लई जायचं काका. मला म्हाईत होतं. शेवटी शेवटी तर त्यांना उभं राह्यवत नव्हतं, मीच धुवून टाकायची त्यांचं. मी म्हनलं काकांना सांगते. नको म्हनल्या, ते उगं घाबरतेत."

"तरी सांगायचं होतंस मला."

"तुमच्यासंगं हे कसं बोलायचं?" असं तिने मलाच विचारलं. खरोखर विचारलं. उत्तराची वाट पाहत थांबलीसुद्धा. साळूबाईने हाक मारली तेव्हा गेली.

३ नोव्हेंबर

आज कडूबाच्या घरी जाऊन सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर सांगता आलं नसतं. म्हटलं, मुलगी खरं बोलत होती. उमानेच लपवायला सांगितलं होतं, तिची शाळा सुटू नये म्हणून. मी खोटं बोललो.

कडूबा उठून माझ्याजवळ आला. मग त्याने माझे हात हातात घेतले. "डॉक्टर, तुमचं काळीज मोठं हाये. पोरीचा बोल कमी व्हावा म्हनून मेलेल्या मंडळीच्या नावावर घेऊन राह्यले तुम्ही."

"तसं नाही कडूबा. हे खरं आहे."

"नका घेऊ," गोजरबाईसुद्धा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सवाष्ण गेलेली बाई. तिच्यावर असं नका घेऊ लेकरा. मी बी त्या दिवशी लई बोलले."

मी कायद्याचं काढलं. अठराच्या आत लग्न करता येत नाही.

"तुमच्या मायचं कितव्या वर्साला झाल्तं?" कडूबाने विचारलं. रागाने नाही, हसूनच. "चहा घ्या."

मी चहा घेतला. सप्टेंबरात मी खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी लगेच मान डोलावली होती.

१ डिसेंबर

लग्नाला गेलो. अक्षता टाकल्या.

२७ मार्च १९९७

लस आणायला जालन्याला गेलो होतो. बर्फाचा डबा ऑफिसात ठेवून औषधांच्या दुकानाशी गेलो. गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाहेर उभा राहिलो. मग आत गेलो, तर एक बाई आली, म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन बाहेर आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पाकीट मागितलं. दुकानदाराने न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर काळी पिशवी घातली. दारूची बाटलीही याहून उघडी देतात.

रिक्षाने एमआयडीसीत गेलो. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, विचारत विचारत सापडली. मच्छिंद्र कामावर होता. तिची सासू, म्हणजे आत्याच, शेजारी वाळवणं घालत होती, मला बघून उठून आली. टेंभुर्णीचे डॉक्टर म्हटल्यावर खुर्ची मागून आणली. "बोला, बोला, म्हायेरचं मानूस," म्हणाली आणि परत कामाला गेली.

बेबीनंदाने डोक्यावरून पदर घेतला होता. चहा ठेवला. सगळ्यांची चौकशी केली, कालवडीची सुद्धा. मग विचारलं, "नववीची परीक्षा सुरू झाली का हो काका?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात असेल असं काहीतरी सांगितलं.

चहा संपला तरी पिशवी माझ्या मांडीवरच. शेवटी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "तुझ्यासाठी आणलंय. जपून वापर. संपलं की कळव, मी पुन्हा आणीन." एवढी वाक्यं मी रिक्षात जुळवून ठेवली होती.

तिने पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं. लाजली नाही. पुन्हा बांधली आणि माझ्याकडे सरकवली.

"आता न्हाई लागत काका. तिसरा महिना चालूय."

दवाखान्यात जाऊन आलीस का, विचारलं. न्हाई म्हणाली. मी जायला सांगितलं, सासूलाही सांगून जातो म्हटलं. ती बरं म्हणाली. पंधरा वर्षांची आहे. तिच्या पायात जोडवी आणि नखांवर शाळकरी मुली लावतात तसली मेंदी.

निघताना पिशवी माझ्या हातात दिली. "वाया नका घालवू. गावात शाळेतल्या एखाद्या पोरीला द्या. रजनीबाईंना इचारा, त्या सांगतील कोणाला ते."

"देतो," मी म्हटलं.

उंबऱ्यापर्यंत आली. सासू लांब आहे हे बघून घेतलं आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाली, "अन् काका, तिच्या आईच्या हातात देऊ नका."

नाही देणार, म्हणालो.